५०० मीटरची रेषा : ‘आर्क्टिक सनराइज’ प्रकरणाचा अभ्यास

१८ सप्टेंबर २०१३. पहाटेच्या अंधारात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या ‘आर्क्टिक सनराइज’ या जहाजावरून पाच रबरी बोटी पाण्यात उतरल्या. ठिकाण होतं पेचोरा समुद्र, म्हणजे बॅरेंट्स समुद्राचा आग्नेय कोपरा, रशियाच्या किनाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटरवर. समोर ‘प्रिराझ्लोम्नाया’ हा तेलफलाट उभा होता. गाझप्रॉम या रशियाच्या सरकारी ऊर्जा समूहाचा हा फलाट तरंगता नाही. सुमारे २० मीटर खोल पाण्यात तो थेट समुद्रतळावर टेकलेला आहे. पायथ्याची प्रत्येक बाजू १२६ मीटर लांब आणि बाहेरून बर्फाचा दाब सोसणाऱ्या पोलादी भिंती. आर्क्टिकच्या समुद्रात तेल काढण्यासाठी रशियाने उभारलेला हा पहिलाच फलाट आणि तेल अजून निघायचं होतं.

बर्फाच्या समुद्रातून तेल काढण्याच्या निषेधार्थ दोन गिर्यारोहक दोर अडकवून त्या भिंतीवर चढू लागले. वरून कर्मचाऱ्यांनी पाण्याचे जोरदार फवारे सोडले. रशियन तटरक्षक दलाचे जवान तोंडं झाकून आपल्या रबरी बोटींतून पोहोचले. कोणाच्या हातात बंदूक, कोणाच्या हातात सुरा. पाण्यात इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या गेल्या. भिजलेले, गारठलेले दोघे गिर्यारोहक खाली आले आणि त्यांना ‘लाडोगा’ या तटरक्षक जहाजावर नेण्यात आलं. बाकीच्या बोटी आपल्या जहाजाकडे परतल्या.

प्रकरण इथेच थांबलं असतं तर आज त्याची आठवणही कोणी काढली नसती. पण दुसऱ्या दिवशी, १९ सप्टेंबरच्या संध्याकाळी, ‘आर्क्टिक सनराइज’च्या डोक्यावर हेलिकॉप्टर आलं आणि दोरांवरून सशस्त्र जवान डेकवर उतरले. लोकांनी हात वर केले. काही जण रेडिओच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन बाहेर संदेश धाडत होते. त्या खोलीचं दार फोडण्यात आलं. मग जहाज ओढत मुर्मान्स्क बंदरात आणलं गेलं, २४ तारखेला. पकडलेले एकूण ३० जण १८ देशांचे नागरिक होते. त्यांत २८ ग्रीनपीसचे कार्यकर्ते आणि खलाशी, तर दोन स्वतंत्र पत्रकार. कप्तान होते पीटर विलकॉक्स. १९८५ साली ऑकलंड बंदरात फ्रेंच हेरांनी ‘रेनबो वॉरियर’ बॉम्बने बुडवलं, तेव्हा त्या जहाजाचे कप्तानही तेच होते.

या सगळ्याच्या मुळाशी कायद्याचा एकच प्रश्न होता. नेदरलँड्सचा ध्वज लावलेल्या जहाजावर, रशियाच्या प्रादेशिक समुद्राच्या बाहेर, नेदरलँड्सची परवानगी न घेता रशियाला चढता येतं का? उत्तर मिळायला दोन वर्षं लागली, आणि त्या उत्तराची किंमत ठरून पैसे हाती पडायला आणखी चार.

कोणता कायदा लागू होतो

ध्रुवीय कायद्याबद्दल बोलताना दोन्ही टोकं एकाच टोपलीत टाकायची सवय आपल्याला आहे. ती सोडल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही. दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन आहे. तिच्यासाठी १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी अंटार्क्टिक करार केला. त्याच्या चौथ्या अनुच्छेदाने सगळे भूभागाचे दावे जिथल्या तिथे गोठवले. पुढे १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने, वैज्ञानिक संशोधन वगळता, खनिजांशी संबंधित सगळ्या हालचालींवर बंदी घातली. ‘प्रिराझ्लोम्नाया’सारखा फलाट दक्षिणेत ६० अंश अक्षांशाच्या खाली उभाच राहू शकत नाही.

उत्तरेला चित्र उलटं आहे. तिथे जमिनींनी वेढलेला समुद्र आहे, आणि त्या समुद्रासाठी अंटार्क्टिकसारखा स्वतंत्र करार नाही. तिथे लागू होतो तो जगातल्या बाकी समुद्रांना लागू होणाराच कायदा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा १९८२ चा सागरी कायदाविषयक करार. मे २००८ मध्ये ग्रीनलंडमधल्या इलुलिसाटला पाच किनारी देशांनी, म्हणजे रशिया, कॅनडा, अमेरिका, नॉर्वे आणि डेन्मार्क यांनी, हीच भूमिका जाहीर केली. सागरी कायदा पुरेसा आहे, नव्या सर्वंकष कराराची गरज आम्हाला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९९६ साली स्थापन झालेली आर्क्टिक परिषद चर्चा घडवते, शास्त्रीय अहवाल काढते, काही करार जुळवून आणते. समुद्रात कोणी कोणाला अडवावं हे ती ठरवत नाही.

म्हणून पेचोरा समुद्रात त्या पहाटे काय चाललं होतं ते सागरी कायद्याच्या पट्ट्यांवरूनच मोजावं लागतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, तिथे किनारी देशाचं सार्वभौमत्व. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. इथे देशाला मासे, तेल, वायू, वारा यांच्यावर हक्क आहेत, फलाट उभारण्याचा आणि त्याच्यावर आपला कायदा चालवण्याचा हक्क आहे. पण पाणी त्याच्या मालकीचं होत नाही. इतर देशांच्या जहाजांना तिथे संचाराचं जवळजवळ खुल्या समुद्रासारखंच स्वातंत्र्य असतं आणि जहाजावर अधिकार चालतो तो त्याच्या ध्वजराष्ट्राचा, म्हणजे ज्या देशाचा ध्वज ते लावतं त्या देशाचा. फलाटाच्या सुरक्षिततेसाठी साठाव्या अनुच्छेदात एक खास तरतूद आहे. फलाटाभोवती सुरक्षा क्षेत्र आखता येतं आणि त्याची मर्यादा ५०० मीटर.

रशियाच्या सूचनांमध्ये मात्र ‘प्रिराझ्लोम्नाया’भोवती तीन सागरी मैलांच्या पट्ट्याचा उल्लेख होता. ५०० मीटर कुठे आणि साडेपाच किलोमीटर कुठे! ‘आर्क्टिक सनराइज’ स्वतः ५०० मीटरच्या बाहेरच थांबलं होतं. आत गेल्या त्या त्याच्या रबरी बोटी. या प्रकरणाचा निम्मा निकाल या एका वाक्यात दडलेला आहे, त्याकडे पुढे येतोच.

आणखी एक रेषा इथे लक्षात घ्यावी लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हे जहाज कारा समुद्रात जाऊ पाहत होतं. तो समुद्र नोवाया झेमल्या बेटांच्या पूर्वेला, रशियाच्या उत्तर सागरी मार्गात मोडतो आणि तिथे शिरायला रशियाची परवानगी लागते. बर्फाच्छादित पाण्यात प्रदूषण रोखण्यासाठी किनारी देशाला जादा नियम करता येतात असं सागरी कायद्याचा २३४ वा अनुच्छेद सांगतो आणि रशिया आपल्या परवाना पद्धतीसाठी त्याचाच आधार घेतो. परवानगी नाकारली गेली, तरी जहाज आत गेलं आणि तटरक्षकांनी त्याला परत फिरवलं. पेचोरा समुद्र मात्र नोवाया झेमल्याच्या पश्चिमेला आहे, त्या मार्गाच्या बाहेर. तिथे हा परवाना लागू नव्हता. आर्क्टिकमध्ये बेटांच्या या बाजूला की त्या बाजूला, यावर इतकं अवलंबून असतं.

चाचे?

मुर्मान्स्कमध्ये तीसही जणांवर चाचेगिरीचा आरोप ठेवण्यात आला. रशियन फौजदारी संहितेत त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खुद्द राष्ट्राध्यक्ष पुतिन यांनी त्याच काळात सालेखार्डमधल्या आर्क्टिकविषयक परिषदेत सांगितलं होतं की हे लोक चाचे नाहीत हे उघड आहे, मात्र त्यांनी आंतरराष्ट्रीय कायदा मोडला आहे. तरी आरोप लागलेच.

कायद्यात हा आरोप टिकण्याजोगा नव्हता आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. सागरी कायद्याच्या १०१ व्या अनुच्छेदानुसार चाचेगिरी ही एका जहाजाने दुसऱ्या जहाजाविरुद्ध केलेली असावी लागते. समुद्रतळावर घट्ट बसवलेला फलाट जहाज होत नाही. हेतू काय होता, हिंसा झाली की नाही, या चर्चेपर्यंत पोहोचण्याआधीच आरोप कोसळतो. २३ ऑक्टोबरला तपास यंत्रणेने आरोप बदलून गुंडगिरीचा करत असल्याचं जाहीर केलं. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा.

मला यात सर्वात जास्त खटकतं ते असं की चाचेगिरी हा शब्द अपघाताने निवडला जात नाही. परक्या ध्वजाच्या जहाजावर कोणत्याही देशाला विनापरवानगी चढता येईल असे अपवाद सागरी कायद्यात मोजकेच आहेत आणि चाचेगिरी हा त्यांतला सर्वात जुना. आरोप चाचेगिरीचा ठरला तर हेलिकॉप्टरमधून उतरणंही आपोआप कायदेशीर ठरतं. गुंडगिरीने ते साधत नाही. म्हणजे आरोप बदलला त्या दिवशी आरोपींची संभाव्य शिक्षा निम्म्याहून कमी झाली, आणि जहाज पकडण्यामागचा कायदेशीर आधारही निसटला.

तोवर ती माणसं मुर्मान्स्कच्या कोठडीत होती. दिवस झपाट्याने लहान होत होते, ध्रुवीय रात्र जवळ येत होती. रात्री कैदी खिडक्यांच्या गजांमधून दोऱ्या सोडून एका कोठडीतून दुसरीत चिठ्ठ्या पाठवायचे. भाषा येत नसलेल्या या परदेशी लोकांनाही त्या दोऱ्यांनीच एकमेकांची खबर मिळायची. नोव्हेंबरमध्ये सगळ्यांना सेंट पीटर्सबर्गला हलवलं आणि महिन्याच्या उत्तरार्धात प्रत्येकी २० लाख रूबलच्या जामिनावर एकेकाची सुटका होऊ लागली. देश सोडायची मुभा मात्र नव्हती.

हॅम्बुर्ग

नेदरलँड्सने ४ ऑक्टोबर २०१३ रोजी रशियाविरुद्ध लवादाची प्रक्रिया सुरू केली. लवादमंडळ उभं राहायला वेळ लागतो, म्हणून २१ ऑक्टोबरला जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणाकडे अंतरिम आदेश मागितला.

इथे एक शंका येणं साहजिक आहे. तीस जणांत डच नागरिक फक्त दोन होते. मग ब्रिटिश, अर्जेंटिनी, अमेरिकी आणि चक्क रशियन माणसांसाठी नेदरलँड्सने कोणत्या नात्याने भांडावं? सागरी कायद्याचं यावरचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. हॅम्बुर्गच्याच न्यायाधिकरणाने ‘सायगा’ प्रकरणात १९९९ साली स्पष्ट केलं होतं की जहाज, त्यावरचा माल आणि त्यावरची माणसं ही मिळून एकच घटक आहेत आणि तो घटक ध्वजराष्ट्राशी जोडलेला आहे. कोणाचा पासपोर्ट कुठला हे विचारायचं नाही. ध्वज डच, म्हणून सगळ्यांची कैफियत मांडण्याचा हक्क नेदरलँड्सचा. समुद्रावर मजुरी करणाऱ्या, कुठल्या तरी तिसऱ्याच देशाच्या ध्वजाखाली राबणाऱ्या कोणाही खलाशासाठी हे तत्त्व मोलाचं आहे.

रशिया आलाच नाही. २२ ऑक्टोबरला त्याने कळवलं की या प्रक्रियेत आपण भाग घेणार नाही. आधार दिला १९९७ साली करार स्वीकारताना केलेल्या घोषणेचा. सार्वभौम हक्क बजावताना केलेल्या कायदा-अंमलबजावणीबद्दलचे वाद आम्हाला सक्तीच्या न्यायप्रक्रियेत नकोत, असं तिचं सूत्र. या न्यायाधिकरणासमोर एखाद्या देशाने हजरच न राहण्याचा हा पहिला प्रसंग होता. पण एक पक्ष आला नाही म्हणून कामकाज थांबत नाही, हेही करारात लिहिलेलं आहे.

६ नोव्हेंबरला सुनावणी झाली आणि २२ नोव्हेंबरला १९ विरुद्ध २ मतांनी आदेश आला. नेदरलँड्सने ३६ लाख युरोची बँक हमी द्यावी, रशियाने जहाज आणि सर्व माणसं सोडून देशाबाहेर जाऊ द्यावीत. विरोधी मतं रशियाच्या आणि युक्रेनच्या न्यायाधीशांची होती. नेदरलँड्सने आठवड्याभरात हमी दिली. रशियाने आदेश मानला नाही. डिसेंबरमध्ये रशियन राज्यघटनेच्या विसाव्या वर्धापनदिनानिमित्त संसदेने सर्वसाधारण माफी जाहीर केली. तिच्यात हे प्रकरण बसवलं गेलं आणि परदेशी कार्यकर्ते वर्षअखेरीस घरी गेले. जहाज मात्र मुर्मान्स्कच्या धक्क्याला बांधलेलंच राहिलं. ते सुटलं १ ऑगस्ट २०१४ रोजी.

माफी मिळाली म्हणजे सुटका झालीच की, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. माफी हा राज्याचा कृपाप्रसाद असतो. तो देताना ‘तुम्ही गुन्हेगार होतात’ हे गृहीतच राहतं. न्यायाधिकरणाचा आदेश मानला असता तर अर्थ वेगळा झाला असता. लवादानेही पुढे हेच धरलं आणि आदेश न पाळल्याचा ठपका रशियावर ठेवला.

लवादाने काय धुंडाळलं

पाच सदस्यांच्या लवादमंडळाचे अध्यक्ष होते घानाचे थॉमस मेन्सा. रशिया गैरहजर, म्हणून लवादापुढे एक अवघड काम आलं. समोरून बचाव येत नसताना बचावाच्या सगळ्या शक्यता स्वतःच शोधायच्या आणि तपासायच्या. १४ ऑगस्ट २०१५ चा निकाल वाचताना हीच गोष्ट ठळकपणे जाणवते. रशियाने न मांडलेली बाजूही त्यांनी शक्य तितकी मांडून पाहिली.

आधी अधिकारक्षेत्राचा मुद्दा. हा निकाल नोव्हेंबर २०१४ मध्येच स्वतंत्रपणे आला होता. १९९७ च्या घोषणेचा आवाका कितीही मोठा वाटला तरी करार जेवढी सूट देतो तेवढीच ती घेता येते, असं लवादाने ठरवलं. २९८ व्या अनुच्छेदात ही सूट आहे ती फक्त सागरी वैज्ञानिक संशोधन आणि मासेमारी यांच्याशी निगडित अंमलबजावणीपुरती. तेलफलाट आणि निदर्शनं त्यात येत नाहीत. स्वतःच्या घोषणेने कराराची व्याप्ती एकतर्फी आक्रसून घेण्याचा मार्ग इथे बंद झाला, आणि माझ्या मते या प्रकरणाचा सर्वात दूरगामी परिणाम हाच आहे.

मग मूळ प्रश्न. चाचेगिरी बाद झाली, फलाट जहाज नसल्यामुळे. दहशतवादाचा संशयही बाद झाला. याच संघटनेने आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, याच फलाटावर असंच आंदोलन केलं होतं आणि हे लोक कोण, कशासाठी आले आहेत हे रशियाला पुरतं ठाऊक होतं.

उरला सर्वात गंभीर पर्याय, ‘हॉट परस्यूट’चा, म्हणजे गुन्हा घडताच सुरू केलेल्या पाठलागाचा. १११ व्या अनुच्छेदानुसार, सुरक्षा क्षेत्रात कायदा मोडून पळणाऱ्या जहाजाचा पाठलाग करून त्याला क्षेत्राबाहेरही पकडता येतं. आता ती ५०० मीटरची गोष्ट पाहू. जहाज बाहेर होतं, पण बोटी आत गेल्या होत्या, आणि आपल्या बोटींच्या कृत्यांची जबाबदारी मुख्य जहाजावर येते. म्हणजे इथवर रशियाची बाजू भक्कम होती. थांबण्याचा इशारा दिसेल किंवा ऐकू येईल असा द्यावा लागतो. रेडिओवरून दिलेला इशाराही लवादाने चालवून घेतला. त्या पहाटेच तटरक्षकांनी जहाज ताब्यात घेतलं असतं, तर निकाल वेगळा लागण्याची बरीच शक्यता होती असं मला वाटतं.

पण पाठलागाची एक अट कडक आहे. तो अखंड हवा. इथे ‘आर्क्टिक सनराइज’ पळून गेलंच नाही. ते फलाटाच्या आसपासच फिरत राहिलं आणि ‘लाडोगा’ त्याच्यावर नजर ठेवून राहिली. दिवस गेला, रात्र गेली, दुसरा दिवस मावळायला आला आणि मग हेलिकॉप्टर उडालं. तोवर पाठलागाचा धागा तुटला होता असं लवादाने म्हटलं. जहाजाला विनाकारण अडवता येऊ नये म्हणून ही अट आहे. ती सैल केली तर कोणताही देश कालपरवाच्या कृत्याचं निमित्त करून आज एखाद्या जहाजावर चढू शकेल.

निकालाचा एक भाग आंदोलकांच्या बाजूने जितका उद्धृत केला जातो, तितका पूर्ण वाचला जात नाही. समुद्रात निदर्शनं करणं हा समुद्राचा कायदेशीर वापर आहे, तो संचारस्वातंत्र्याशी जोडलेला आहे आणि किनारी देशाने नागरी निदर्शनांचा काही प्रमाणात उपद्रव सोसायला हवा, असं लवादाने म्हटलं. त्याच दमात हेही म्हटलं की हा हक्क अमर्याद नाही. आपले रास्त कायदे मोडले जात असतील, माणसांना इजा किंवा यंत्रसामग्रीला नुकसान होण्याचा धोका असेल, पर्यावरणाला अपाय होणार असेल किंवा अत्यावश्यक काम खोळंबत असेल, तर किनारी देश योग्य ती पावलं उचलू शकतो. दोराने भिंतीवर चढणं हे त्या हक्कात बसतं असं लवादाने कुठेही म्हटलेलं नाही. फलाटावर चढलेल्या दोघांना तिथल्या तिथे रोखण्याचा रशियाला पूर्ण अधिकार होता. चूक झाली ती दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी, सगळ्या जहाजावर आणि सगळ्या माणसांवर.

याच फरकाचं एक बोलकं उदाहरण मे २०१४ मध्ये घडलं. ‘प्रिराझ्लोम्नाया’चं पहिलं तेल घेऊन ‘मिखाईल उल्यानोव’ हे टँकर रॉटरडॅमला आलं. ग्रीनपीसच्या, बुडालेल्या जहाजाचंच नाव लावलेल्या नव्या ‘रेनबो वॉरियर’ने त्याला धक्क्याला लागण्यापासून अडवायचा प्रयत्न केला. डच पोलीस त्या जहाजावर चढले, ते थांबवलं आणि आंदोलकांना ताब्यात घेतलं. त्यात पुन्हा पीटर विलकॉक्स होते. नेदरलँड्सने इकडे ग्रीनपीसच्या बाजूने खटला लढवायचा आणि तिकडे त्यांनाच पकडायचं, हा दुटप्पीपणा असल्याची टीका सहज करता येईल. पण कायद्याच्या नजरेने पाहिलं तर विसंगती नाही. रॉटरडॅम हे नेदरलँड्सचं बंदर, तिथलं पाणी त्याच्या सार्वभौमत्वाखालचं आणि जहाजही डच ध्वजाचंच. तिथे पोलिसांना कोणाची परवानगी लागत नव्हती. पकडलेले लोक लवकरच सुटले.

पैसे

१० जुलै २०१७ रोजी लवादाने भरपाईचा आकडा ठरवला : ५३,९५,५६१.६१ युरो आणि त्यावर व्याज. यात जहाजाच्या नुकसानीपोटी सुमारे १७ लाख, माणसांना अटक-कोठडीमुळे सोसाव्या लागलेल्या आर्थिक नुकसानीपोटी २४.६ लाख आणि बेकायदा अटक, खटला व कोठडी यांच्या मानसिक त्रासापोटी ६ लाख. उरलेल्या रकमेत मुख्यतः ते ६,२५,००० युरो होते जे रशियाने लवादाच्या खर्चाचा आपला वाटा न भरल्यामुळे नेदरलँड्सला भरावे लागले.

सहा लाख म्हणजे माणशी २०,००० युरो. दोन महिने कोठडी आणि डोक्यावर टांगलेली १५ वर्षं यांचा हा हिशेब आहे. तो कमी की पुरेसा हे मी ठरवत नाही, पण जहाजाच्या दुरुस्तीपेक्षा तीस माणसांच्या मनस्तापाचा आकडा तिपटीने कमी निघाला हे डोळ्यांत खुपतं.

रशियाने या आकड्याला मान्यता दिली नाही. वसुली करणारी यंत्रणा आंतरराष्ट्रीय लवादाकडे नसते. शेवटी मे २०१९ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त निवेदन काढून परस्परांचे सगळे दावे मिटल्याचं जाहीर केलं आणि रशियाने २७ लाख युरो दिले, ठरलेल्या रकमेच्या जेमतेम निम्मे. तडजोड म्हणून पाहिलं तर हे अपयश वाटेल. मी तसं पाहत नाही. जो देश सुनावणीलाही फिरकला नाही त्याने अखेर पैसे मोजले, आणि सागरी कायद्यातली ही बाब नोंदीत राहिली.

ज्यांचा हा लढा होता त्या माणसांच्या बाबतीत आणखी एक निकाल यायचा होता. २७ जून २०२३ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने या अटकेत व्यक्तिस्वातंत्र्याचा आणि अभिव्यक्तीच्या हक्काचा भंग झाल्याचं ठरवलं. पण रशिया सप्टेंबर २०२२ पासून त्या न्यायालयाला बांधील असलेल्या देशांत राहिला नव्हता आणि निकालाच्या महिनाभर आधी, मे २०२३ मध्ये, त्याने ग्रीनपीस इंटरनॅशनलला ‘अवांछित संघटना’ ठरवून देशात तिच्यासाठी काम करणं गुन्हा केलं होतं.

जे लवादापुढे आलंच नाही

‘आर्क्टिक सनराइज’ची एक जुनी कथा आहे. ते १९७५ मध्ये सीलच्या शिकारीसाठी बांधलेलं जहाज, तेव्हाचं नाव ‘पोलारबियोर्न’. अंटार्क्टिकात पेंग्विनांच्या वस्तीतून फ्रान्स धावपट्टी बांधत होता तेव्हा त्याचं सामान वाहणाऱ्या याच जहाजाला ग्रीनपीसने अडवलं होतं. नंतर तेच जहाज त्यांच्या ताफ्यात आलं. दक्षिणेतल्या त्या काळच्या आग्रहांतून माद्रिद प्रोटोकॉलसारखी ठाम बंदी आकाराला आली. उत्तरेत मात्र हे जहाज जिंकलं तरी ज्या गोष्टीसाठी ते गेलं होतं ती जागची हलली नाही. लवादापुढे प्रश्न होता जहाज पकडण्याचा. बर्फाच्या समुद्रात तेल काढावं का, हा प्रश्न तिथे नव्हताच आणि सागरी कायदा त्याचं उत्तर किनारी देशावरच सोडतो. ‘प्रिराझ्लोम्नाया’तून तेल निघू लागलं डिसेंबर २०१३ मध्ये, म्हणजे तीस जणांना माफी मिळाली त्याच महिन्यात.

त्या वर्षी १५ मे रोजी स्वीडनमधल्या किरुना शहरात आर्क्टिक परिषदेच्या आठ देशांनी समुद्रातल्या तेलगळतीला तोंड देण्यासाठी सहकार्याचा करार केला होता. गळती झाली की एकमेकांना कळवायचं, मदत करायची, सराव करायचे, एवढी त्याची व्याप्ती आहे. फलाटातून तेल सांडलं तर शेजारच्या देशाच्या मच्छीमाराला भरपाई कोण देणार, किती देणार, याबद्दल त्यात काही नाही. टँकरमधून सांडलेल्या तेलाच्या भरपाईसाठी जागतिक करार आहेत. समुद्रातल्या फलाटांसाठी तसा जागतिक करार अजूनही अस्तित्वात नाही. बर्फाखाली पसरलेलं तेल गोळा करण्याचा भरवशाचा उपाय कोणाकडेच नसताना ही पोकळी आर्क्टिकमध्ये सर्वात महागात पडू शकते, आणि ती भरून काढण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, आठ देशांनी एका टेबलाशी बसण्याची तयारी तेवढी लागते.